बाबांच्या लेन्स विकायला काढल्या तेव्हा

माझ्या सासूसासऱ्यांच्या खोलीत एक लहान लाकडी कपाट आहे. त्याला काचेचं दार आहे आणि आत दिवसरात्र एक बारीक बल्ब जळत असे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला तो देव्हाराच वाटला. पहिल्याच सकाळी हात जोडायला गेले, तर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शांतपणे म्हणाल्या, "अगं, देव स्वयंपाकघरात आहेत. त्या ह्यांच्या लेन्स आहेत."

माझे सासरे, म्हणजे बाबा, फोटोग्राफर. जुन्या पनवेलमध्ये तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा स्टुडिओ होता. मी आले तेव्हा तो चालू होता, पण जेमतेम. पासपोर्टचे फोटो, शाळेचे ग्रुप फोटो, अधूनमधून एखादी मुंज. पुढे प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि त्यानंतर ती इमारतही पाडायला काढली. बाबांनी स्टुडिओ बंद केला तो कुणाला न सांगता. एका दुपारी टेम्पोतून दोन स्टुलं, पडदा आणि काही खोकी आमच्या खांदा कॉलनीतल्या फ्लॅटवर आली. तेवढंच.

लेन्स मात्र त्याआधीपासून घरीच असायच्या. पनवेलची हवा दमट. जवळ खाडी, त्यात आमचा पाऊस. चार महिने चपलांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, कपाटातल्या शालूलाही. तशी ती काचेलाही धरते, हे मला इथे येऊन कळलं. लेन्सच्या आत, जिथे बोट पोचत नाही तिथे, कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी नक्षी वाढत जाते आणि मग ती लेन्स संपते. म्हणून तो बल्ब. त्याच्या उबेने कपाटातली हवा कोरडी राहते. बल्ब उडाला की बाबा लगेच दुसरा आणायला निघत, पाऊस असो वा नसो. आई म्हणायच्या, "माझं औषध संपलं तर चार दिवस आठवण करावी लागते."

लेन्स विकायचं बाबांच्या मनात येईल असं आम्हाला कुणालाच वाटलं नव्हतं. झालं असं, की त्यांचे एक जुने मित्र वारले. तेही फोटोग्राफरच. बाबा भेटायला गेले आणि परत आल्यावर बराच वेळ गॅलरीत बसून राहिले. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, "त्याचं सगळं सामान भंगारवाल्याने नेलं. पोरं चांगली आहेत त्याची, रडत होती बिचारी. पण त्यांना काय माहीत कुठली वस्तू काय आहे. पितळेच्या भावात गेलं सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते. मी इथल्याच एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. बाबा दाराशी आले. "मोबाईलवर जुन्या वस्तू विकतात ना, तिथे माझ्या लेन्स टाकशील?"

"सगळ्या?"

"सगळ्या. एक सोडून."

माझा नवरा बंदरात शिफ्टमध्ये काम करतो. त्याच्या वेळांचा काही नेम नसतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं, आणि मला ते आवडू लागलं. रविवारी सकाळी गॅलरीत ऊन येतं तेव्हा बाबा एकेक लेन्स आणून ठेवायचे. खाली आईंचा काळा ब्लाउजपीस अंथरायचा, म्हणजे फोटोत उठाव येतो. फोटो मी मोबाईलवर काढायचे. बाबा मागे उभे राहून म्हणायचे, "जरा डावीकडून घे. तिची ही बाजू चांगली आहे." लेन्सबद्दल ते असंच बोलायचे, ही जरा तापट आहे, ही भोळी आहे, असं.

मग ते छोटी बॅटरी घेऊन लेन्सच्या आत बघायचे, आणि मी जाहिरात लिहायचे. इतरांच्या जाहिराती मी वाचल्या होत्या. सगळीकडे 'कंडिशन एक नंबर'. बाबा सांगायचे ते वेगळंच. "लिही, कडेला एक ओरखडा आहे. फोटोत दिसत नाही, पण आहे. लिही, उजेड कमीजास्त करणाऱ्या आतल्या पात्यांना थोडं तेल आलंय. लिही, फोकसची रिंग थंडीत जड फिरते."

"बाबा, असं लिहिलं तर कोण घेईल?"

"ज्याला घ्यायची तो घेईल. घरी जाऊन त्याला ओरखडा दिसला तर त्याला काय वाटेल?"

मला वाटलं होतं, कुणी विचारणार नाही. पण त्या संध्याकाळपासून फोन वाजायला लागला. पुण्याहून, नाशिकहून, एकदा तर थेट कोचीहून. काही जण पहिल्याच वाक्यात 'लास्ट किती' विचारायचे, त्यांना बाबांच्या सांगण्यावरून मी नमस्कार करून फोन ठेवायचे. पण खरेखुरे घेणारेही होते. एका जपानी लेन्सला खारघरच्या एका तरुणाने जी किंमत सांगितली ती माझ्या अर्ध्या पगाराइतकी होती. बाबांनी ती लेन्स कधीकाळी इतक्या थोडक्या पैशांत घेतली होती की त्यांना वाटलं मी ऐकण्यात चूक केली.

तो तरुण घरी आला. आयटीतली नोकरी, शनिवार-रविवारी छंद म्हणून छोटे चित्रपट बनवायचा. त्याने आपला नवा कॅमेरा काढला, एक धातूची कडी लावून त्यावर बाबांची जुनी लेन्स बसवली. बाबा ते टक लावून बघत होते.

"पण तुमच्याकडे नवीन लेन्स असतीलच की," बाबा म्हणाले. "त्या आपोआप फोकस करतात. ही कशाला?"

"काका, नवीन लेन्स फार चांगल्या आहेत, हाच त्रास आहे. सगळं दाखवतात. कुणाचाही फोटो काढा, सारखाच दिसतो." त्याने कॅमेरा गॅलरीकडे वळवला. उन्हाचा तिरका किरण काचेवर आला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर एक सोनेरी धूसर पट्टा पसरला. "हे बघा. हे नवीन लेन्समध्ये येत नाही. याच्यासाठी लोक पैसे देतात."

बाबांनी वाकून तो पट्टा पाहिला. तो गेल्यावर मला म्हणाले, "हा पट्टा येऊ नये म्हणून मी जन्मभर लेन्सवर हात धरून सावली केली. चुकून आला तर गिऱ्हाइकाला फोटो फुकट परत काढून द्यायचो." आणि मग ते हसायला लागले. मित्र गेल्यानंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

असं करत करत कपाट रिकामं होत गेलं. प्रत्येक माणसाला बाबा काहीबाही सांगायचे, कुठे ठेवायची, पावसात काय करायचं. एकाला त्यांनी लेन्स नाकारलीसुद्धा. त्याला ती कॅफेमध्ये शोभेला ठेवायची होती. "तिच्याकडे बघायचं नसतं," बाबा म्हणाले, "तिच्यातून बघायचं असतं."

शेवटी दोनच उरल्या. एक साधी, आणि एक ती, बाबांनी न विकायची ठरवलेली. जाडजूड, काळी, पुढची काच जांभळट झाक असलेली. बोटीवर काम करणाऱ्या एका खलाशाकडून त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. चेहऱ्याचे फोटो काढायची लेन्स. बाबा तिला नुसतं 'मोठी' म्हणायचे.

साधी लेन्स घ्यायला उरणहून एक मुलगी आली. पंचविशीच्या आतबाहेर, खांद्यावर कॅमेऱ्याची बॅग, हातात आईंसाठी कोळंबीची पिशवी. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून. तिचे वडील मासेमारी करायचे आणि ती कोळीवाड्यातल्या लग्नांचे फोटो काढायची. लेन्स हातात घेऊन तिने आधी रिंग फिरवून पाहिली, मग उजेडाकडे धरून आत बघितलं. बाबांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी तिला खुर्ची जवळ ओढून दिली.

बोलता बोलता तिचं लक्ष खोलीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या कपाटाकडे गेलं. "आजोबा, तिथं अजून एक हाय ना?"

"ती विकायची नाही."

"नाय नाय, मी फक्त बघते."

बाबांनी मोठी काढून तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही हातांनी तोलून धरली. मग म्हणाली, "मी अशी लेन्स शोधतेय कधीची. आमच्याकडल्या बायका उन्हात मासळी विकतात, आजोबा. चेहऱ्यावर ऊन दिसतं त्यांच्या. नवीन लेन्सनी फोटो काढला की नुसती चामडी दिसते, माणूस दिसतच नाय. मग त्याच बोलतात, पोरी, गोरं कर, साफ कर. मी मोबाईलवर साफ करते. मग अशी दिसते, की तिची लेक पण तिला वळखत नाय."

आई तोवर स्वयंपाकघराच्या दारात कोळंबी सोलत बसल्या होत्या. त्यांनी हात थांबवला.

"हे पूर्वीही व्हायचं," त्या म्हणाल्या.

माझ्या सासूबाईंच्या डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत एक लालसर जन्मखूण आहे, तळहाताएवढी. इतकी वर्षं मी ती रोज पाहते, त्यामुळे मला ती दिसतच नाही. त्या दिवशी त्यांनी ओल्या हाताच्या मनगटाने तिला स्पर्श केला आणि त्या मुलीला सांगायला लागल्या. मीही ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"माझ्या लग्नाचं बघत होते तेव्हा आधी फोटो पाठवावा लागायचा. वडिलांनी एका स्टुडिओत नेलं. त्याने फोटो काढला आणि फिल्मवर पेन्सिल चालवून हा डाग पुसून टाकला. मी फोटो बघितला तर मला वाटलं माझी मावसबहीण आहे. तो फोटो बघून लोक यायचे. मी पोहे घेऊन बाहेर आले की त्यांचे चेहरे बदलायचे. कुणी वाईट बोललं नाही हो. पोहे खायचे, मुंबईची गाडी किती वाजता विचारायचे आणि जायचे. पण माझ्या वडिलांची मान खाली जायची. आपण फसवलं असं त्यांना वाटायचं."

"मग?" मुलीने विचारलं.

"मग वडिलांची पनवेलला बदली झाली. इथे परत फोटो काढायचं ठरलं. ह्यांचा स्टुडिओ नवीनच होता. मी वडिलांना खालीच दुकानापाशी थांबवलं आणि एकटी वर गेले. ह्यांना म्हटलं, माझा आहे तसा फोटो काढा, डाग दिसू दे. जो येईल तो बघून येईल."

मी बाबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"हे काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, ताई, माझी फिल्म इतकी बारीक आहे की पेन्सिल चालवायला त्यात जागाच नाही. पुसायचा म्हटला तरी मला पुसता येणार नाही."

"खरंच होतं ते," बाबा म्हणाले. "माझ्याकडे छोट्या फिल्मचा कॅमेरा होता. त्यापायी निम्मी गिऱ्हाइकं दुसरीकडे जायची."

"तर मला खिडकीजवळ बसवलं आणि कॅमेऱ्याला हीच मोठी लावली. ही बाजू उजेडाकडे केली, ही डागाचीच. मी विचारलं, ही बाजू कशाला? तर म्हणाले, तुम्हीच म्हणालात ना."

"त्या बाजूने चेहरा चांगला येत होता," बाबा म्हणाले. एवढंच.

"फोटो न्यायला वडील गेले. ह्यांनी त्यांच्या हातात पाकीट दिलं आणि म्हणाले, हा फोटो कुठे पाठवला नाहीत तर बरं होईल, मी रविवारी आईला घेऊन तुमच्याकडे येतो. वडिलांना काही कळलंच नाही. त्यांना वाटलं फोटो बिघडलाय म्हणून फोटोवाला माफी मागायला येतोय."

मुलगी हसली, मीही हसले. बाबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याने मला हे कधी सांगितलं नव्हतं. नंतर विचारलं तर त्यालाही ठाऊक नव्हतं.

"आजी, मी तुमचा एक फोटो काढू?" मुलीने विचारलं. "याच लेन्सनी?"

"आता काय माझा फोटो. हाताला कोळंबीचा वास येतोय."

"वास नाय येत फोटोत."

आई पदराला हात पुसत गॅलरीच्या दाराशी बसल्या. कुणी न सांगता त्यांनी डावी बाजू उजेडाकडे केली. मुलीने मोठी आपल्या कॅमेऱ्यावर चढवली आणि गुडघ्यावर बसली. बाबा उठून तिच्या मागे उभे राहिले. ते काहीतरी शिकवतील असं मला वाटलं, पण त्यांनी हात पाठीमागे बांधले. मुलगी रिंग अगदी सावकाश फिरवत होती. एकदा पुढे, मग किंचित मागे. आई बाबांकडे बघत होत्या. मग क्लिक झालं.

फोटो मी अजूनही माझ्या मोबाईलमध्ये ठेवला आहे. मागची गॅलरी, वाळत घातलेले कपडे, तुळस, सगळं दुधात विरघळल्यासारखं झालंय. आईंच्या सुरकुत्या आहेत, पण त्या टोचत नाहीत. जन्मखूण आहे, फिकट जास्वंदीच्या रंगाची. आणि डोळे इतके स्पष्ट, की त्यात आमची खिडकी दिसते.

आईंनी चष्मा लावून पाहिलं. "डाग आलाय," त्या समाधानाने म्हणाल्या.

बाबांनी कॅमेरा हातात घेतला तो लवकर परत दिलाच नाही. शेवटी म्हणाले, "फोकस डोळ्यावर आहे. छान आहे." मग ते खोलीत गेले आणि थोड्या वेळाने तोंड धुऊन आले.

मुलीने मोठी कॅमेऱ्यावरून काढली, दोन्ही बाजूंना झाकणं लावली आणि स्वतःच कपाटात नेऊन ठेवली. "ही तुमी विकू नका आजोबा," ती म्हणाली. साध्या लेन्सचे पैसे देऊन, आईंना वाकून नमस्कार करून ती गेली.

त्यानंतरचा आठवडाभर बाबा त्या जवळजवळ रिकाम्या कपाटासमोर जाऊन उभे राहायचे. जाहिराती संपल्या होत्या, फोन येणं थांबलं होतं. मला वाटलं, सगळं विकून टाकल्याचा त्यांना पश्चात्ताप होतोय. एका संध्याकाळी आम्ही तिघं भाजी निवडत असताना आईच म्हणाल्या, "ती मोठी त्या मुलीला देऊन टाका."

"ती घेणार नाही. विकू नका म्हणाली ना."

"ती म्हणाली. मी म्हणते द्या."

बाबांनी मेथीची काडी खाली ठेवली. "तुला ठाऊक आहे ती मी का ठेवलीय."

"ठाऊक आहे. पण मी इथेच आहे की. मला बघायला तुम्हाला लेन्स लागते का?"

बाबा आईंकडे बघत राहिले. मी मेथी घेऊन उगाच स्वयंपाकघरात गेले.

मुलगी परत आली ती वडिलांना घेऊन. आणि मग आमच्या हॉलमध्ये एक अजब घासाघीस झाली. तिने नेटवर बघून ठेवलं होतं, अशा लेन्सला बाहेर काय भाव आहे ते. ती तोच द्यायचा म्हणत होती. बाबा म्हणत होते, एवढे मी घेणार नाही, रिंग जड आहे, काचेवर वय दिसतं. ती वर जाई, बाबा खाली येत. तिचे वडील आळीपाळीने दोघांकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "काका, आमी रोज बाजारात बसतो. असा धंदा नाय बगितला कुठं." आईंनी मधला आकडा सांगितला आणि तो दोघांनी मान्य केला.

"एक अट आहे," बाबा म्हणाले. "या मोठीने काढलेलं पहिलं लग्न मला बघायचंय."

थंडी सरत आली तेव्हा त्या मुलीचं बोलावणं आलं. हळदीचा दिवस होता, तिच्याच शेजारच्या घरातली मुलगी नवरी. आम्ही सकाळच्या बसने उरणला गेलो. मांडवात पिवळ्या साड्यांची ही गर्दी, बँजोवाल्यांचा दणका, हळदीने माखलेली माणसं. बाबांना मांडवाच्या कडेला सावलीत खुर्ची मिळाली. आईंना बायकांनी कधीच आत ओढून नेलं होतं. पुन्हा दिसल्या तेव्हा त्यांच्या दोन्ही गालांना हळद होती.

आमची ती फोटोवाली मुलगी त्या गर्दीत वाट काढत हिंडत होती. इतर फोटोवाले भराभरा क्लिक करत होते. ती मात्र थांबायची, श्वास रोखायची, रिंग फिरवायची. बाबांची नजर तिच्यावरून हलत नव्हती. मी विचारलं, "काय वाटतं?"

"घाई करत नाही," ते म्हणाले. "आणि ती समोर आहे हे माणसं विसरतात. हे शिकवता येत नाही कुणाला."

जेवणं झाल्यावर ती कॅमेरा घेऊन बाबांपाशी आली आणि जमिनीवर बसली. एकेक फोटो दाखवू लागली. नवरी, करवल्या, हळद वाटणारे हात. एका फोटोत नवरीची आई होती. उन्हाने रापलेली, कपाळावर आठ्या, केसांत अबोलीचा गजरा, लेकीकडे बघताना तोंड अर्धवट उघडं. नवरीची आई स्वतःच मागून डोकावली.

"ही मीच ना?" ती म्हणाली.

"तूच की गो मावशी. साफ करू का चेहरा?"

ती बाई वाकून बघत राहिली. "नको. ऱ्हाव दे," ती म्हणाली, आणि नवऱ्याला शोधायला गेली, त्याला दाखवायचं म्हणून.

परतीच्या वाटेवर आईंना सुकट घ्यायची होती. बाजारात टोपल्या घेऊन बसलेल्या बायकांपैकी एकीने त्यांच्या गालावरची हळद पाहून चार बोंबील वर घातले. आम्हाला बसमध्ये पुढची जागा मिळाली. जासईच्या आसपास बाबांना झोप लागली. त्यांचं डोकं हळूहळू आईंच्या खांद्यावर आलं. आईंनी ते तसंच राहू दिलं आणि एका हाताने पिशवीला आणखी एक गाठ मारली, वास येऊ नये म्हणून. वास काही थांबला नाही. मागच्या सीटवरच्या बाईने विचारलं, "सोडे पण घेतलेत का?" आणि पनवेल येईपर्यंत त्या दोघी सुक्या मासळीवरच बोलत होत्या, हळू आवाजात, बाबांची झोप मोडू न देता.